खुलं पत्र: गिटारवर ब्लूज वाजवणाऱ्या सगळ्यांना, ओटिस रशबद्दल

नमस्कार मित्रमैत्रिणींनो,

हे पत्र कुणा एकाला लिहिलेलं नाही. पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत जे कोणी गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांमधून आलेलं ते गाणं, वाजवतात, शिकतात, क्लासमध्ये शिकवतात, शनिवारी-रविवारी कॅफेत छोटे छोटे गिग करतात त्या सगळ्यांना आहे. आपल्याकडे असे लोक आता बरेच झालेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, माझ्या वेळी तर ब्लूज म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे इंग्रजी गझल का.

गेल्या महिन्यात पुण्यात एका कॅफेत बसलो होतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा वाजवत होता, हात इतका तयार की बघत राहावं. त्याने माईकवर सांगितलं की आता क्लॅप्टनचं, म्हणजे एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवाल्याचं, एक गाणं, आणि 'ऑल युअर लव्ह' सुरू केलं. मधे लय बदलते ना, ते डुलत चाललेलं गाणं एकदम उड्या मारायला लागतं, ती जागा त्याने अशी काही घेतली की शेजारच्या टेबलवर गप्पा मारत बसलेल्या बायकांनीपण वळून बघितलं. पाच मिनिटं मस्त वाजवलं त्याने. पण गायलं कुणीच नाही. जिथे शब्द यायला हवेत तिथेपण तो गिटारवर काहीतरी भरत राहिला. नंतर मी जाऊन त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, ओटिस रश ऐकलायस का रे? तर म्हणाला, नाव माहितीये काका, क्लॅप्टनने त्याचं काहीतरी केलंय ना.

त्याची चूक नाही. मलाही डोंबिवलीच्या क्लासमध्ये असंच शिकवलं होतं, सरांनी झेरॉक्स दिली होती त्यावर वर 'क्लॅप्टन ब्लूज' लिहिलेलं आणि खाली नुसते आकडे, कुठल्या तारेवर कितवा फ्रेट ते. शब्द नव्हतेच त्या कागदावर. मी पंधरा वर्षं ते गाणं शब्दांशिवाय वाजवलं. म्हणूनच हे लिहितोय.

तर हे गाणं ओटिस रशचं आहे. त्याने ते लिहिलं, गायलं आणि १९५८ साली शिकागोत रेकॉर्ड केलं. क्लॅप्टनने ते जॉन मेऑल या इंग्लिश ब्लूजवाल्याच्या बँडबरोबर १९६६ साली केलं, त्या प्रसिद्ध एलपीची सुरुवातच त्या गाण्याने होते, आणि उत्तमच केलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २९ सप्टेंबर २०१८ ला ओटिस रश शिकागोत गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. आपल्याकडे ३० तारीख उजाडली होती, रविवार होता, मी सकाळी चहा घेत फोन बघत होतो आणि बातमी दिसली. घरात कुणाला सांगू हेच कळेना. बायकोला म्हटलं, ओटिस रश गेला. ती म्हणाली, तुझा तो रडणारा? हो म्हटलं, तोच. तिला नाव लक्षात नव्हतं पण आवाज बरोबर लक्षात होता, आणि मला वाटतं तिने दोन शब्दांत जे सांगितलं ते आपण गिटारवाले विसरतो.

कारण आपल्यात ओटिस रशचं नाव निघतं ते गिटारसाठी. डावखुरा होता, तारा उलट्या होत्या, व्हायब्रॅटो (सुराचा कंप) असा होता, बेंड (तार ओढून सूर चढवणं) असा होता. सगळं खरं आहे. पण तो आधी गायक होता. ब्लूजमध्ये इतका मोठा गायक फार थोड्या वेळा होतो, आणि त्याचं गिटार हे त्याच्या गळ्याचंच पुढचं टोक आहे. आपल्याकडे सतारीला, व्हायोलिनला एक शब्द वापरतात, गायकी अंग. वाद्य गळ्यासारखं वाजवायचं, बंदिशीचे शब्द मनात ठेवून वाजवायचं. ओटिस रशचं वाजवणं शंभर टक्के गायकी अंगाचं आहे. आपण त्यातलं गाणं काढून टाकतो आणि मग उरलेलं दाखवून म्हणतो की बघा मी रश वाजवतो.

मी त्याला खऱ्या अर्थाने ऐकलं २०१३ च्या हिवाळ्यात. कंपनीच्या कामासाठी शिकागोला होतो, राहायला नेपरव्हिलला. डाऊनटाऊनमध्ये जॅझ रेकॉर्ड मार्ट नावाचं जुनं दुकान होतं, २०१६ साली ते बंद झालं, तेव्हा मात्र चालू होतं आणि शनिवारी ट्रेनने जाऊन तिथे दोन-तीन तास काढणं हाच माझा विरंगुळा. तिथे ओटिस रशच्या कोब्रा कंपनीच्या रेकॉर्डिंगची सीडी मिळाली. बाहेर बर्फ पडत होता, घरी आलो, बूट काढले, जॅकेट तसंच अंगावर, आणि हेडफोन लावून पहिलं गाणं सुरू केलं, 'आय कान्ट क्विट यू बेबी'.

त्या गाण्याचा पहिला शब्द आहे 'वेल'. इंग्रजीत त्या शब्दाला तसा काही अर्थ नसतो, आपण बोलायला सुरुवात करताना 'हे बघ' म्हणतो ना, तसा. पण हा माणूस तो एकच शब्द वर नेऊन धरतो, तिथे तो थरथरतो, आणि मग मींड घेतल्यासारखा खाली उतरतो. उतरेपर्यंत आपल्याला कळलेलं असतं की या माणसाचं काय झालंय. पुढचे शब्द नंतर येतात, की तुला सोडणं मला जमत नाही वगैरे, पण सगळं गाणं त्या पहिल्या शब्दात होऊन गेलेलं असतं. मी तो शब्द त्या रात्री किती वेळा ऐकला असेल कुणास ठाऊक, मागे करायचो आणि परत लावायचो. हे गाताना तो बावीस वर्षांचा होता. बावीस! कॅफेतल्या त्या मुलाच्या वयाचा.

गाणं लिहिलं विली डिक्सनने. डिक्सन म्हणजे शिकागो ब्लूजचा मोठा गीतकार, बेसवादक, आणि गायकाकडून काय काढून घ्यायचं याची पक्की जाण असलेला माणूस. तेव्हा रश एका नात्यात पार गुंतला होता, त्याच्या डोक्यातून ते जात नव्हतं, हे डिक्सनने बघितलं आणि त्याच विषयावर गाणं लिहून त्याच्या हातात दिलं. म्हणजे त्या पोराला वेगळा अभिनय करायची गरजच नव्हती, जे पोटात होतं तेच गायचं होतं. १९५६ साली ते कोब्राचं पहिलंवहिलं रेकॉर्ड म्हणून बाहेर पडलं आणि बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेलं. पुढे १९६९ साली लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये ते केलं आणि जगभरच्या पोरांना ते झेपलिनचं म्हणून माहिती झालं.

हा आवाज आला कुठून हेही सांगतो. मिसिसिपीत फिलाडेल्फिया नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या आसपास १९३४ मध्ये जन्म. घरचे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे, कापसाचा मुलूख. आपल्या विदर्भातल्या माणसाला कापूस वेचणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, बोंडांनी बोटं कशी होतात ते त्याने घरात बघितलेलं असतं. गिटार स्वतःच शिकला, लहानपणीच, कुणी समोर बसवून शिकवलं नाही, म्हणून तर डाव्या हाताने उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरली आणि तारा बदलल्याच नाहीत. १९४९ च्या सुमाराला शिकागोला आला, तिथे मडी वॉटर्स या बड्या ब्लूजवाल्याला क्लबमध्ये प्रत्यक्ष वाजवताना ऐकलं आणि ठरवलं की आपल्याला हेच करायचंय. दक्षिणेतून त्या काळात लाखो काळी माणसं शिकागोला आली, कत्तलखान्यात, पोलादाच्या गिरण्यांत कामाला लागली, आणि त्यांच्या वस्तीतल्या बारमध्ये संध्याकाळी हे गाणं वाजायचं. आपल्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी भजनं, शाहिरी आणि तमाशा जसा आपल्याबरोबर आणला तसंच काहीसं. गाव सुटतं आणि गाणं बरोबर येतं.

आता तारांचं. मला माहितीये की तुमच्यापैकी अर्ध्यांना यातच रस आहे, म्हणून सविस्तर लिहितो. त्याच्या गिटारला सगळ्यात जाड तार खाली आणि सगळ्यात बारीक तार वर असायची. आपण बारीक तार बेंड करताना वरच्या दिशेला ढकलतो, तो खाली ओढायचा. स्वतः करून बघा, ढकलण्यात बोटांचा जोर लागतो, ओढण्यात अख्ख्या मनगटाचं वजन येतं आणि सूर सावकाश, जड होऊन वर चढतो. फोटो किंवा व्हिडिओ नीट बघितलेत तर दिसेल, तारा छेडणाऱ्या हाताची करंगळी तो खालच्या जाड तारेखाली वळवून ठेवायचा, आधाराला. पण या सगळ्यातून तो साधायचा काय ते ऐका. तो एक ओळ गातो आणि थांबतो, मग गिटार उत्तर देतं, आणि ते उत्तर त्याच्या गळ्याच्याच जागेवरून निघतं, तोच कंप, तशीच उतरती मींड, श्वाससुद्धा तेवढाच. भजनात बुवांनी ओळ म्हणायची आणि मंडळाने उचलायची असते ना, इथे बुवाही तोच आणि टाळकरीही तोच. त्यातले बुवा काढून टाकलेत तर टाळकरी कशाला उत्तर देतायत?

म्हणून म्हणतो, त्याची सोलो बसवायच्या आधी त्याची ओळ गाऊन बघा. खूप लोकांना इंग्रजी गायची लाज वाटते, उच्चार बरोबर नाहीत, आवाज चांगला नाही. अहो आवाज नाही लागला तरी चालेल, घरी दार लावून गा, पण गा. मी गायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्याची गिटारची जागा दोन मात्रा उशिरा का येते, कारण त्याआधी गळ्याला श्वास घ्यायचा असतो. झेरॉक्सवर हे कसं कळणार.

कोब्रासाठी त्याने १९५६ ते १९५८ मध्ये आठ रेकॉर्ड्स केली, म्हणजे दोन्ही बाजू धरून सोळा गाणी. सगळी सारखी नाहीत, एक-दोन तर विसरून जावी अशी आहेत, कंपनीला नाचायला काहीतरी हवं होतं म्हणून केलेली. पण 'माय लव्ह विल नेव्हर डाय' ऐका, 'ग्रोनिंग द ब्लूज' ऐका. त्याचा आवाज छातीतून निघतो आणि एकदम वर कपाळात जातो, मधे पायरीच नाही, आणि वर गेल्यावर तो फाटत नाही तर पातळ होतो. विव्हळणं म्हणतात ना आपल्याकडे, ते सुरात. कीर्तनात एखादे बुवा जनाबाईचा अभंग म्हणताना रडवेले होतात आणि तरी सूर सुटत नाही, मला ते आठवतं. हे शिकवून येत नाही पण ऐकून थोडंफार अंगात मुरतं.

आणि मग 'डबल ट्रबल'. १९५८ चंच. हे मला त्याचं सगळ्यात मोठं गाणं वाटतं, 'ऑल युअर लव्ह' पेक्षाही. मायनर, म्हणजे उदास सुरावटीतला, संथ ब्लूज, मागे सॅक्सोफोनची जाड साय, दुसरी गिटार आइक टर्नरची. त्यात तो म्हणतो की रात्री झोप लागत नाही, हातात काम टिकत नाही, याच पिढीत काही जण लखपती झालेत आणि मला अंगावर घालायला धड कपडे नाहीत. विचार करा, १९५८ ची अमेरिका, जगाच्या डोळ्यांपुढे श्रीमंतीचं चित्र, आणि शिकागोच्या पश्चिम भागातला एक पंचविशीही न गाठलेला काळा मुलगा हे गातोय, आरडाओरडा न करता, जवळजवळ स्वतःशीच. ब्लूज म्हणजे नुसतं प्रेमभंगाचं गाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. यात पैसा आहे, नोकरी आहे, लाज आहे. टेक्ससच्या गिटारवाल्या स्टीव्ही रे व्हॉनने आपल्या बँडला 'डबल ट्रबल' नाव ठेवलं ते याच गाण्यावरून.

मायनरचा विषय निघालाय तर एक सांगतो. त्याच्या आधी शिकागोतला ब्लूज बहुतेक मेजर-डॉमिनंटच्या, म्हणजे त्या मानाने उजळ सुरांच्या, ओळखीच्या चौकटीत असायचा, रशने मायनरमध्ये इतकं मन लावून गायलं की ती पुढच्या पोरांसाठी वाटच झाली. मॅजिक सॅम, बडी गाय आणि हा, या तिघांच्या बाजाला वेस्ट साइड साऊंड म्हणतात. 'ऑल युअर लव्ह' चा तो लॅटिन ठेका आणि मायनरची उदासी एकत्र येते ना, त्यावरूनच फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनला 'ब्लॅक मॅजिक वुमन' सुचलं, आणि ते पुढे सान्तानाने घराघरात नेलं. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सान्तानाचं ते गाणं वाजवलं नाही असा गिटारवाला दाखवा मला. म्हणजे तुम्ही सगळे ओटिस रशच्या अंगणात खेळून आलायत, फक्त घरात गेला नाहीत.

मग असा माणूस मागे का राहिला? मला हे नशिबावर सोडून द्यायला आवडत नाही, कारण त्यात माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. कोब्रा १९५९ साली बुडाली. मग तो चेस कंपनीकडे गेला, तिथे १९६० साली 'सो मेनी रोड्स, सो मेनी ट्रेन्स' सारखं गाणं दिलं, आगगाडीच्या शिट्टीसारखा आवाज लागलाय त्यात, पण कंपनीने त्याच्यामागे जोर लावला नाही. मग ड्यूक नावाची कंपनी, तिथे १९६२ साली 'होमवर्क' ही एक सिंगल निघाली आणि बस्स. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा गायक, गळा ऐन भरात, आणि करारात अडकून बसलेला. नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंडमधली पोरं त्याची जुनी रेकॉर्ड्स ऐकून हात बसवत होती. त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम १९६९ साली आला, म्हणजे पहिल्या हिटनंतर तेरा वर्षांनी.

आणि पुढचं तर मला अजून टोचतं. १९७१ साली त्याने कॅपिटॉल कंपनीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत एक अल्बम रेकॉर्ड केला, 'राइट प्लेस, राँग टाइम'. जागा बरोबर, वेळ चुकीची. कॅपिटॉलने तो काढलाच नाही. पाच वर्षं तो पडून राहिला, शेवटी १९७६ साली बुलफ्रॉग नावाच्या एका छोट्या कंपनीतून बाहेर आला. आता तो ऐका, शांतपणे, पूर्ण. माझ्या मते त्याच्या मोठ्या अल्बममधला हा सगळ्यात पक्का, गळा पिकलेला, बावीस वर्षांच्या पोराचा आकांत आता समजूतदार झालाय पण कमी झालेला नाही. अशी वस्तू तयार असताना पाच वर्षं लोकांनी ऐकलीच नाही, तर त्या पाच वर्षांत एका गायकाच्या मनाचं काय होत असेल? आपण एक रील टाकतो आणि दोन तासांत लाईक आले नाहीत की आपला चेहरा उतरतो. लोक सांगतात की तो स्टेजवर कधी कधी गप्प गप्प असायचा, एखाद्या रात्री भन्नाट आणि एखाद्या रात्री मन नसल्यासारखा. असेलही. पण ज्याचं काम कपाटात कुलपात ठेवलं गेलं त्याच्याकडून दर रात्री हसतमुख राहण्याची अपेक्षा मी तरी करणार नाही.

मान मिळालाच नाही असं नाही, तेही नीट सांगायला हवं. ब्लूज फाउंडेशनने १९८४ सालीच त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. 'एनी प्लेस आय अॅम गोइंग' या अल्बमला १९९९ चं ग्रॅमी मिळालं, तेव्हा तो पासष्टीला टेकला होता. रोलिंग स्टोन मासिकाने २०१५ साली शंभर गिटारवादकांच्या यादीत ५३ वा नंबर दिला. गिटारवादकांच्या, बघा. क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मात्र तो जिवंत असेपर्यंत त्याला आत घेतलं नाही. क्लॅप्टन तिथे तीन वेळा आहे. झेपलिन आहे, सान्ताना आहे, पीटर ग्रीनचा फ्लीटवुड मॅक आहे. २०१५ साली स्टीव्ही रे व्हॉन आणि त्याचा डबल ट्रबल बँड आत गेला, म्हणजे ओटिस रशच्या गाण्याचं नाव आत गेलं आणि गाणारा शिकागोत घरी आजारी बसलेला. २०२४ साली मेऑललाही मान दिला, त्या यादीतही रश नव्हता. मेऑल मोठाच माणूस, त्याने कितीतरी पोरं घडवली, पण ज्याच्या गाण्याने त्याचा सगळ्यात गाजलेला अल्बम सुरू होतो त्याचं काय?

मी त्याला एकदाच प्रत्यक्ष बघितलं. १२ जून २०१६, रविवार, ग्रँट पार्कमध्ये शिकागो ब्लूज फेस्टिव्हल. फेस्टिव्हल फुकट असतो, लोक घरून खुर्च्या, चटया, डबे घेऊन येतात, आपल्याकडे गणपतीतल्या कार्यक्रमाला यायचे तसे. महापौरांनी तो दिवस शिकागोत ओटिस रश डे म्हणून जाहीर केला होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याचं वाजवणं-गाणं कित्येक वर्षांपूर्वीच थांबलं होतं, त्या दिवशीही तो वाजवू शकला नाही. स्टेजच्या कडेला घरच्यांच्या घोळक्यात होता. मी खूप मागे होतो, मला खरं तर एक टोपी आणि आजूबाजूची माणसं एवढंच दिसलं. समोर दुसरे लोक त्याची गाणी वाजवत होते आणि तो ती ऐकत होता. माझ्या बाजूला एक म्हातारी काळी बाई घडीच्या खुर्चीवर बसली होती, प्रत्येक गाण्याला ती शब्द म्हणत होती, सगळे शब्द, डोळे मिटून, गिटारची जागा आली की गप्प बसायची आणि ओळ आली की परत सुरू. मला तेव्हा लख्ख कळलं की जिथली ही गाणी आहेत तिथे ती शब्दांसकट लोकांच्या तोंडात आहेत. आम्ही बाकीचे त्यातली गिटार तेवढी घेऊन घरी गेलो.

आपल्याकडच्या लोकांसाठी अजून एक. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा झाला तेव्हा बडी गाय आला होता, तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असाल, काही जण माझ्यासारखे गर्दीत असाल. तो प्रेक्षकांत उतरून वाजवत फिरला की आपण वेडे होतो. तर हाच बडी गाय १९५७ साली लुईझियानाहून शिकागोत आला तेव्हा खिशात पैसे नाहीत, ओळख नाही, परत जायच्या विचारात होता. ७०८ नावाच्या क्लबमध्ये एका रात्री ओटिस रश वाजवत होता आणि त्याने या अनोळखी पोराला स्टेजवर घेतलं, वाजव म्हणाला. तिथून बडी गायचं शिकागो सुरू झालं. स्वतः तेवीस वर्षांचा, स्वतःचं बस्तान धड बसलेलं नाही, आणि दुसऱ्याला स्टेज देतोय. मी हे गिग करणाऱ्या सगळ्यांना मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे दहा मिनिटांचा स्लॉट दुसऱ्याला द्यायला लोकांच्या जिवावर येतं.

मला तुमच्याकडून काय हवंय ते आता सांगतो. सरांनो, झेरॉक्सवर वर नाव लिहा, ओटिस रश, १९५८, आणि आकड्यांच्या शेजारी शब्दही लिहा, आणि पहिल्या तासाला गिटार पिशवीतच राहू दे, मुलांना मूळ रेकॉर्डिंग ऐकवा, तीन मिनिटांचंही नाही ते पूर्ण. मुलांनो, माईकवर गाणं जाहीर करताना त्याचं नाव घ्या, क्लॅप्टनचं नंतर घ्या, क्लॅप्टनने स्वतः त्याला मानलं, त्याच्याबरोबर १९८६ ला स्वित्झर्लंडच्या माँट्रो फेस्टिव्हलच्या स्टेजवर उभा राहिला, त्यालाही हे आवडेल. आणि बँडमध्ये गाणारं कुणी नसेल तर शोधा. एखादी मुलगी शोधा जी ठुमरी शिकलीये, तिला 'डबल ट्रबल' ऐकवा, तिला उच्चारापलीकडचं चटकन कळेल याची मला खात्री आहे. मला खरंच ऐकायचंय ते कुणाकडून तरी.

यंदा २९ सप्टेंबरला संध्याकाळी डोंबिवलीला माझ्या घरी बसायचं ठरवलंय. हॉल लहान आहे, दाटीवाटीने पंधरा जण मावतात, खालच्या आजींना आधीच सांगून ठेवलंय की नऊपर्यंत जरा आवाज होईल, त्या म्हणाल्या मलापण बोलवा. कॅफेतल्या त्या मुलाला निरोप दिलाय, त्याने येतो म्हटलंय. अॅम्प एकच आहे. आधी सगळे मिळून कोब्राची गाणी ऐकू, मग ज्याला जे जमतं ते करू. गिटार आणा किंवा नका आणू, पण आलात तर निदान एक ओळ गायची आहे.

तुमचाच,
डोंबिवलीचा एक जुना गिटारवाला